आधी ऐका, मग मोजा, मग उघडा: गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पची देखभाल आणि सुधारणा

माझ्या अ‍ॅम्पचा आवाज मधूनच अर्धा व्हायचा. पाच-दहा मिनिटं ठणठणीत, आणि मग एकदम कुणीतरी वर घोंगडं टाकल्यासारखा. पॉवर ट्यूब संपल्या असं मी धरून चाललो. नवी जोडी आणली, बसवली, बायस (ट्यूबचा निवांत अवस्थेतला करंट) लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष निघाला मागच्या बाजूच्या इफेक्ट्स लूपच्या, म्हणजे बाहेरचे इफेक्ट मध्ये जोडायच्या सेंड-रिटर्न जोडीच्या, जॅकमध्ये. लूप वापरात नसताना त्या जॅकमधली एक बारीक पत्ती सिग्नलला पुढे जायची वाट करून देते. वर्षानुवर्षं त्यात प्लगच गेला नाही, की त्या पत्तीवर ऑक्साइड धरतं आणि संपर्क कधी होतो, कधी होत नाही. सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल टाकली आणि आवाज जागेवर आला. एवढी दोन मिनिटांची तपासणी मी केली नव्हती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. बाहेरचं आधी, आतलं नंतर. एका वेळी एकच बदल. आणि सुधारणा सगळ्यांत शेवटी, कारण अ‍ॅम्प मुळात धड नसेल तर नवा स्पीकर किंवा भारी ट्यूब टाकून काय फरक पडला हे कळतच नाही.

आत काय चालतं, थोडक्यात

गिटारमधून आलेला मिलिव्होल्टमधला सिग्नल आधी प्रीअ‍ॅम्पच्या लहान ट्यूबमध्ये वाढतो. ही बहुतेक वेळा १२एएक्स७ असते. तिचंच युरोपीय नाव ईसीसी८३. ट्यूबच्या आत हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, ग्रिड त्यांना आवरतो आणि प्लेट ते गोळा करते; पॉवर ट्यूबमध्ये ग्रिड आणि प्लेटच्या मध्ये स्क्रीन ही आणखी एक जाळी असते. वाटेत टोन आणि व्हॉल्यूमचे पॉट, म्हणजे नॉबमागचे फिरते रेझिस्टर, लागतात. दोन किंवा अधिक पॉवर ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूबच्या अगदी शेजारची लहान ट्यूब म्हणजे फेज इन्व्हर्टर: ती सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती करून पॉवर ट्यूबना देते. पॉवर ट्यूब म्हणजे ६एल६, ६व्ही६, ईएल३४ किंवा ईएल८४ या घराण्यांतल्या. त्यांच्यापुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे स्पीकर. या सगळ्यांना पोसणारा वीजपुरवठा वेगळा: पॉवर ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि ते डीसी सपाट करणारे मोठे फिल्टर कपॅसिटर. जुन्या रेडिओवर हात बसलेली माणसं ट्यूबला व्हॉल्व्ह म्हणतात, वस्तू तीच.

जिवाशी खेळ कुठे होतो

इथे मी घाई करणार नाही. अ‍ॅम्पच्या आत साधारण ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं, आणि फिल्टर कपॅसिटर ते अ‍ॅम्प बंद केल्यावर, प्लग भिंतीतून काढल्यावरही धरून ठेवू शकतात. काही अ‍ॅम्पमध्ये ते हळूहळू उतरवणारा रेझिस्टर असतो, काहींत नसतो, आणि असलेला जळालेलाही असू शकतो. म्हणून चासी (सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) बाहेर काढली की पहिलं काम एकच: कपॅसिटर रिकामे करणं.

त्यासाठी एक साधं साधन घरी करून ठेवा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घ्या. त्याच्या एका टोकाला जाड इन्सुलेशनची वायर आणि मगरचिमटा, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरचं जुनं प्रोब डागून टाका. रेझिस्टरवर श्रिंक ट्यूब चढवा, उघडं काही राहता कामा नये. वापरायची रीत अशी:

१. प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्टँडबायचं (ट्यूब तापत ठेवून आवाज बंद करणारं) बटण मात्र वाजवण्याच्या स्थितीत ठेवा, नाहीतर त्याच्या एका बाजूचे कपॅसिटर दुसऱ्या बाजूपासून तुटलेले राहतात आणि तुम्ही अर्धेच रिकामे करता.

२. चिमटा आधी चासीला लावा. चासीचा धातू उघडा असेल अशी जागा निवडा, रंगावर लावू नका.

३. एक हात खिशात किंवा पाठीमागे. दुसऱ्या हाताने प्रोब पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकावर टेकवा आणि दहा सेकंद धरा. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहममधून अडीच-तीन सेकंदांत जवळजवळ रिकामा होतो. उरलेली सेकंदं मनाच्या शांतीसाठी.

४. मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीच्या रेंजवर लावून प्रत्येक मोठा कपॅसिटर मोजा. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर पुन्हा तेच. काम चालू असेपर्यंत प्रोबच्या जागीही चिमटा लावून रेझिस्टर तसाच ठेवला तर उत्तम, कारण रिकामा केलेला कपॅसिटर स्वतःहून थोडा पुन्हा भरतो.

पेचकस टेकवून ठिणगी पाडायची पद्धत अजूनही काही जण शिकवतात. त्याने कपॅसिटर दुखावतो, पेचकसाचं टोक वितळतं आणि माणूस दचकून हात भलतीकडे नेतो. एक हात खिशात ठेवण्यामागचं कारणही हेच: दोन्ही हात आत असले तर करंटची वाट छातीतून जाते.

दुसरा नियम अ‍ॅम्पच्या जिवासाठी. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प वाजवायचा नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि त्याचं आतलं इन्सुलेशन किंवा ट्यूबचं सॉकेट फाटू शकतं. स्पीकरला गिटारची केबल लावू नका. तिची आतली तार बारीक असते, तापते आणि तुटली की पुन्हा तोच बिनभाराचा प्रसंग.

अ‍ॅम्प खूप जुना आणि दोन पिनांचा असेल तर बाकी सगळं सोडून आधी तीन पिनांची वायर बसवा, अर्थिंग थेट चासीला घट्ट. अशा अ‍ॅम्पमध्ये मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या, एका तारेपासून चासीपर्यंत एक कपॅसिटर असतो. हम, म्हणजे सतत येणारी गुणगुण, कमी करण्यासाठी टाकलेला. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांवर मेन्स येते. तो काढून टाका. यात मूळपणा जपण्याचा प्रश्नच येत नाही.

पेचकस न लावता जेवढं होतं तेवढं

आवाजात खरखर, मधूनच तुटणं, अचानक मंद होणं यांपैकी पुष्कळसं जॅक, पॉट आणि सॉकेटमधून येतं. गिटार आणि केबल बदलून पाहा. लूपमध्ये छोटी केबल टाकून पाहा. पॉट फिरवताना खरखर येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि नॉब वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. साफ करूनही पॉट खरखरत असेल तर पॉटला दोष देण्याआधी थांबा: मागच्या कपॅसिटरमधून डीसी गळून पॉटवर येत असलं तरी अगदी अशीच खरखर होते.

जॅकसाठी क्लीनर थेट आत फवारण्यापेक्षा जुन्या प्लगला लावून तो प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. ट्यूबच्या सॉकेटसाठी दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश नामी काम करतो. सॉकेटची भोकं सैल झाली असतील तर आतली पत्ती सुईने हलकेच आवळता येते. हे मात्र कपॅसिटर रिकामे केल्यावरच.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचा टाका. ‘टी’ लिहिलेला असेल तर तो मंद गतीने उडणारा, कारण अ‍ॅम्प सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो. दुसराही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, आणि मोठा तर मुळीच नको. पॉवर ट्यूब काढून पाहा: आता फ्यूज टिकला तर संशय ट्यूबवर किंवा बायसवर, तरीही उडाला तर रेक्टिफायर, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मरकडे बघावं लागेल.

अशा वेळी बल्बची पेटी कामाला येते. मेन्सच्या फेजमध्ये जुन्या पद्धतीचा, तार तापून उजळणारा ६० ते १०० वॅटचा बल्ब ओळीने जोडायचा. सगळं बंद डब्यात, सॉकेटसकट. एलईडी चालत नाही. अ‍ॅम्प त्यातून सुरू केला की बल्ब आधी उजळतो आणि मग मंदावतो. तो झगझगीतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि जी जळायची ती वस्तू वाचली आहे. दुरुस्तीनंतरचा माझा पहिला स्टार्ट नेहमी याच पेटीतून होतो.

ट्यूब: कान, डोळे आणि पेन्सिल

ट्यूब बदलण्याची हौस दांडगी असते, म्हणून आधी निदान. अ‍ॅम्प चालू, व्हॉल्यूम मध्यम, गिटार काढलेली. पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रीअ‍ॅम्पच्या एकेका ट्यूबवर हलकी टिचकी मारा. पहिल्या ट्यूबवर बारीक ‘टिंग’ ऐकू येणं साहजिक आहे, ती सगळ्यांत पुढे असते. टिंग लांबत गेलं, घंटेसारखं घुमलं किंवा शिट्टी सुरू झाली, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली, म्हणजे धक्क्याचाही आवाज करायला लागली.

सतत खरखर किंवा तळल्यासारखा चरचराट असेल तर गुन्हेगार शोधायची साधी युक्ती आहे. अ‍ॅम्प बंद करा, पहिली ट्यूब काढा, पुन्हा सुरू करून ऐका. आवाज गेला तर दोष तिच्यात किंवा तिच्या आजूबाजूच्या भागांत. नाही गेला तर पुढची. फेज इन्व्हर्टर काढल्यावरही आवाज राहिला तर पॉवर विभाग बघा. काही थोड्या अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबचे हीटर एका माळेत असतात, तिथे एक काढली की सगळ्याच विझतात. ही युक्ती तिथे चालत नाही. दोषी जागी दुसरी ट्यूब टाकूनही चरचर कायम राहिली तर त्या ट्यूबच्या प्लेटचा रेझिस्टर बदला. तो बहुधा १०० किलोओहमचा असतो, आणि जुना कार्बन कॉम्पोझिशनचा असेल तर चरचरणं हा त्याचा म्हातारपणचा स्वभावच. मेटल फिल्मचा एक वॅटचा टाकला की प्रश्न मिटतो.

डोळ्यांनी काय पाहायचं? काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली म्हणून घाबरू नका. चांगल्या पॉवर ट्यूबमध्येही ती असते. ट्यूबच्या डोक्यावरचा चंदेरी लेप पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली, ट्यूब संपली. आणि हीटरचा नेहमीचा नारिंगी उजेड वेगळा, राखाडी प्लेटच लाल व्हायला लागणं वेगळं. प्लेट लाल दिसली की त्याच सेकंदाला अ‍ॅम्प बंद. बायस गेला आहे किंवा ट्यूब शॉर्ट होते आहे; ‘हे गाणं संपू दे’ म्हणालात तर बरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब वर्षानुवर्षं टिकतात. दर वर्षी सगळ्या बदलण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पॉवर ट्यूब मात्र खरोखर झिजतात: खालचे सूर ढिले पडतात, वरचे बोथट होतात, आवाज दबतो. त्या नेहमी जोडीने, करंट जुळवून घेतलेल्या घ्याव्यात.

बायस, आकड्यांसकट

बायस म्हणजे सिग्नल नसताना पॉवर ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा ते ठरवणं. जास्त झाला तर ट्यूब तापून लवकर मरते. फार कमी झाला तर आवाज कोरडा, चिरका होतो. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये (नाव फसवं आहे, तो बदलताच येतो) ग्रिडला वेगळं ऋण व्होल्टेज दिलेलं असतं आणि आत पेचकसाने फिरवायचा एक छोटा ट्रिमपॉट असतो. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये एक मोठा रेझिस्टर हे काम आपोआप करतो. तिथे ट्यूब बदलल्यावर लावण्यासारखं काही नसतं, तरी मोजून पाहावं.

करंट मोजायची सोपी वाट: प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोडपासून ग्राउंडपर्यंत १ ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर. ६एल६, ६व्ही६ आणि ईएल३४ मध्ये कॅथोड पिन ८ वर असतो. मग १ मिलिव्होल्ट म्हणजेच १ मिलिअँपिअर, हिशेब करायला नको. सोल्डरिंग नको असेल तर सॉकेट आणि ट्यूबच्या मध्ये बसणारं बायस प्रोब मिळतं. बहुतेक प्रोब प्लेटचं व्होल्टेजही दाखवतात, आणि नवख्या माणसाने तेच घ्यावं असं माझं मत आहे.

नव्या ट्यूब बसवण्याआधी ट्रिमपॉट सर्वांत थंड बाजूला, म्हणजे ऋण व्होल्टेज जास्तीत जास्त होईल असा फिरवा. स्पीकर जोडा, व्हॉल्यूम शून्य, अ‍ॅम्प सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. आता प्लेटचं व्होल्टेज मोजा: पिन ३ आणि चासी. काळं प्रोब आधी चिमट्याने चासीला, लाल प्रोब एका हाताने. समजा ४३० व्होल्ट आलं. ६एल६जीसीची प्लेट जास्तीत जास्त ३० वॅट सोसते. त्याचे ७० टक्के म्हणजे २१ वॅट. २१ ला ४३० ने भागा: ०.०४९, म्हणजे ४९ मिलिअँपिअर. ही वरची मर्यादा झाली, तिथे पोचलंच पाहिजे असं काही नाही. मी ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास कानाला बरं वाटेल तिथे थांबतो. त्यापुढे उष्णता वाढते, आवाजात मला तरी फारसं काही मिळत नाही. ईएल३४ साठी ३० ऐवजी २५ वॅट धरा, ६व्ही६ साठी १२. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीनचा थोडा करंटही मिसळलेला असतो, त्यामुळे आकडा किंचित फुगलेलाच दिसतो. तो फरक सुरक्षित बाजूचा आहे, सोडून द्या.

ट्रिमपॉट थोडा फिरवा, मिनिटभर थांबा, मग प्लेटचं व्होल्टेज पुन्हा मोजा. करंट वाढला की ते उतरतं, म्हणून भागाकार पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांत आकडे स्थिरावतात. शेवटी खोलीतला दिवा मालवून पाच मिनिटं प्लेट बघत बसा. लाली नको.

हम ओळखायचा तर तिसरा फ्रेट दाबा

हम दोन जातींचा असतो, आणि गिटारवाल्याला तो कानाने ओळखता येतो. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर रेक्टिफायरनंतर कपॅसिटरमधून सुटलेला तरंग त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा असतो. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट ९८ हर्ट्झ देतो. तो वाजवा. हमचा सूर जवळजवळ तोच असेल तर फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवा. हम बरोबर एक सप्तक खाली असेल तर तो ५० हर्ट्झचा: हीटरच्या तारा, ग्राउंडचं खराब जोडकाम किंवा गिटारचे पिकअप. मेन्स ६० हर्ट्झची असेल तर पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट वापरा. तो १२३ हर्ट्झच्या जवळ आहे आणि तिथला तरंग १२० चा.

दुसरी खूण व्हॉल्यूमची. व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर हम गेला तर तो त्या पॉटच्या आधीचा. जसाच्या तसा राहिला तर नंतरचा किंवा वीजपुरवठ्याचा. दोन्ही पॉवर ट्यूबचा करंट सारखा नसेल तरी १०० हर्ट्झचा हम येतो, कारण एरवी तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांविरुद्ध कटून जातो. त्यामुळे कपॅसिटर मागवण्याआधी ट्यूबचे आकडे बघा. ५० हर्ट्झचा हम असेल तर हीटरच्या दोन तारांपासून ग्राउंडला गेलेले १०० ओहमचे दोन रेझिस्टर तपासा. पॉवर ट्यूब आतून शॉर्ट झाली की ते फ्यूजसारखे जळतात आणि नवी ट्यूब टाकल्यावरही हम मागे राहतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने १० ते २० वर्षं. टोपी फुगलेली, तळातून चिकट रस आलेला, किंवा आवाजाच्या मागे भुतासारखा दुसराच सूर रेंगाळणारा, अशी लक्षणं दिसली की सगळे एकदमच बदलावेत. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. ‘मोठा टाकला तर आणखी बरं’ हा मोह ट्यूब रेक्टिफायरच्या अ‍ॅम्पमध्ये महागात पडतो: जीझेड३४ ला पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही, बाकीच्यांना तर त्याहून कमी.

बदलण्याआधी फोटो काढा आणि धन-ऋण खुणा कागदावर लिहून घ्या. विशेषतः बायसच्या कपॅसिटरची. तिथलं व्होल्टेज ऋण असतं, त्यामुळे त्याचं धन टोक ग्राउंडला जातं, बाकी सगळ्यांच्या उलट. मी एकदा रात्री उशिरा, डोळे चुरचुरत असताना तो इतरांसारखाच बसवला. मनात म्हटलंही, ‘आधी कुणीतरी उलटा लावून ठेवला होता वाटतं.’ बल्बच्या पेटीतून अ‍ॅम्प सुरू केला; बल्ब मंदावला आणि ट्यूब तापायला लागल्यावर पुन्हा चढत चढत लख्ख झाला. बायस नसलेल्या दोन पॉवर ट्यूब मिळेल तेवढा करंट ओढत होत्या. बंद करून बोट लावलं तर तो इवलासा कपॅसिटर चटका बसेल एवढा गरम. पेटी नसती तर ट्यूबची जोडी हातची गेली असती.

ट्यूबच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात सिग्नल नेणारे कपलिंग कपॅसिटर फारसे खराब होत नाहीत, पण गळायला लागले तर पॉवर ट्यूबच्या ग्रिडवर धन व्होल्टेज चढतं आणि प्लेट लाल होते. पॉवर ट्यूब काढून, वीज चालू असताना, त्या कपॅसिटरच्या ग्रिडकडच्या टोकावर डीसी मोजा. दोन्ही बाजूंना सारखंच ऋण बायस दिसलं तर ठीक. एका बाजूला आकडा शून्याकडे सरकलेला दिसला तर कपॅसिटर बदला.

सुधारणा: आधी स्पीकर

अ‍ॅम्प निरोगी झाल्यावर सर्वांत मोठा फरक स्पीकर देतो. अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरच्या जागी १०० चा बसवला तरी तेवढाच वाढतो, सोल्डरिंग आयर्न न तापवता. सेलेस्टियन या स्पीकर कंपनीचा ग्रीनबॅक २५ वॅट आणि ९८ डेसिबलचा, व्हिंटेज ३० हा ६० वॅट आणि १०० डेसिबलचा; दोन्हींचा सूर वेगळा आणि जोरही. एकच स्पीकर असेल तर त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या लिखित वॅटच्या दुप्पट धरा, कारण पूर्ण उघडलेला ट्यूब अ‍ॅम्प लिहिल्यापेक्षा जास्त देतो. ओहम जुळवा: ८ चे दोन समांतर जोडले तर ४, ओळीने जोडले तर १६.

दुसरी पायरी प्रीअ‍ॅम्पची ट्यूब. सॉकेट तेच, पण वाढवण्याची ताकद वेगळी: १२एएक्स७ ची १००, ५७५१ ची ७०, १२एटी७ ची ६०, १२एवाय७ ची ४५ च्या आसपास, १२एयू७ ची २० च्या घरात. पहिल्या जागी ५७५१ टाकली की व्हॉल्यूमचा नॉब दोनवरच अंगावर येणं थांबतं. आवडली नाही तर काढून ठेवा, काही बिघडत नाही. पॉवर ट्यूबमध्ये मात्र असा खेळ करू नका. ६एल६च्या हीटरला ०.९ अँपिअर लागतो, ईएल३४ ला १.५, ट्रान्सफॉर्मरला ते झेपेल का हा पहिला प्रश्न. शिवाय ईएल३४ ची पिन १ कॅथोडला जोडलेली लागते, आणि ६एल६च्या पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये त्याच पिनेवर दुसराच रेझिस्टर टेकवलेला असतो.

रेक्टिफायर ट्यूबचंही तसंच. ५वाय३ चा हीटर २ अँपिअर घेतो, ५यू४ चा ३, जीझेड३४ चा १.९. ५वाय३ काढून जीझेड३४ टाकली तर व्होल्टेज वर जातं. कपॅसिटर तेवढं सोसतील का ते आधी पाहा आणि बायस पुन्हा लावा.

सोल्डरिंग येत असेल तर तीन बदल मला पैसे वसूल वाटतात. पहिला, बास थबथबीत वाटत असेल तर पहिल्या ट्यूबच्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.६८ चा लावणं. मार्शलच्या लीड सर्किटांत हाच आकडा दिसतो. खालच्या सुरांना मिळणारी अतिरिक्त वाढ थांबते आणि डिस्टॉर्शन घट्ट होतं. दुसरा, वरचे सूर वाढवून कमी आवाजात कान चिरणारा ब्राइट कपॅसिटर. तो व्हॉल्यूमच्या पॉटवर आडवा असतो. त्याचा एक पाय सोडवा, वाजवून बघा, पटलं तर तसाच ठेवा. तिसरा, ईएल३४च्या अ‍ॅम्पमध्ये स्क्रीनला रेझिस्टर नसतील किंवा फार लहान असतील तर प्रत्येकी १ किलोओहम, ५ वॅट. सूर जवळपास तोच राहतो आणि ट्यूब जास्त जगतात.

महागड्या कपलिंग कपॅसिटरबद्दल विचाराल तर किंमत बदलून आवाज बदललेला मला ऐकू आला नाही. किंमत म्हणजे पैशांची. मायक्रोफॅरड बदलले की मात्र लगेच कळतं: ०.१ च्या जागी ०.०२२ लावला तर बास बारीक होतो. व्होल्टेज ४०० ते ६०० चं घ्या.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ आली आणि अ‍ॅम्प सुरू होताच कर्कश किंचाळला, तर ट्रान्सफॉर्मरला नावं ठेवू नका. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) उलटा होऊन पॉझिटिव्ह झाला आहे. पॉवर ट्यूबच्या प्लेटकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली की तो गप्प बसतो.

प्रत्येक कामानंतर तारीख, मेन्सचं व्होल्टेज, प्लेटचं व्होल्टेज, दोन्ही ट्यूबचा करंट आणि काय बदललं ते एका कागदावर लिहा आणि कॅबिनेटच्या आत चिकटवा. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून तिथेच ठेवा. माझ्या अ‍ॅम्पमधल्या कागदावरची पहिली नोंद अशी आहे: ‘लूपचा जॅक पुसला. पॉवर ट्यूब उगाच बदलल्या.’ ती जुनी जोडी खालच्या पिशवीत आहे, आणि गेल्या वेळी मोजली तेव्हा दोघींच्या करंटमध्ये दोन मिलिअँपिअरचाही फरक नव्हता.